काजूची बाग विकू नका, आधी मुलाला थंडीत पाठवा

ताई, नमस्कार. मुलगा दापोलीला हॉर्टिकल्चरच्या शेवटच्या वर्षाला, त्याला हिमाचलला द्राक्षबाग आणि वायनरी काढायचीय, त्याचे बाबा गुहागरची दोन एकर काजू विकायला निघालेत आणि 'दारूचा धंदा' म्हणून सासूबाईंचे टोमणे वेगळेच, असं तुम्ही लिहिलंय. सासूबाईंचं राहू दे, आधी जमिनीचं बघू.

हिमाचलात १९७२ च्या जमीन कायद्याचं कलम ११८ आहे, त्यामुळे सरकारच्या परवानगीशिवाय बाहेरच्याला शेतजमीन मिळत नाही, आणि इथे तुमच्या नावावर सातबारा असला तरी तिथे तुम्ही बिगरशेतकरीच. म्हणजे पैसे हातात येतील, काजू जाईल आणि जमीन मिळेलच असं नाही.

दुसरं, नाशिक डोक्यातून काढायला सांगा त्याला. तिथे एप्रिलला खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी), ऑक्टोबरला गोडी छाटणी (फळासाठी), पाऊस चुकवून फळ घेतात. थंड भागात वेल हिवाळाभर झोपलेली, वसंतात फुटणार, पीक एकच, आणि घड भरायचे ते ऐन पावसाळ्यात! म्हणून पाऊस कमी पोचतो असा वरचा किन्नौरच बघावा लागतो, तिथली अंगुरी, म्हणजे द्राक्षाची घरगुती दारू, पूर्वापार आहे.

आणि थंडी. शार्दोने, कॅबर्नेसारख्या वाईनच्या जातींचे डोळे, म्हणजे काडीवरच्या फुटणाऱ्या कळ्या, साधारण उणे २०-२५ अंश सेल्सिअसच्या खाली मरायला लागतात. मिनेसोटा विद्यापीठाने १९९६ ला फ्रॉन्टेनॅक नावाची जात काढली ती उणे ३० ला पण टिकते, पण आंबट फार, २०१७ च्या त्यांच्याच इटास्का जातीत तो आंबटपणा कमी केलाय. जात कुठलीही लावा, हिवाळा संपता संपता बागेत जाऊन ब्लेडने डोळा आडवा कापून बघायचा, आत हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी तर गेला. एका डोळ्यात तीन अंकुर असतात, मुख्य मेला तर बाजूचा फुटतो पण घड कमी देतो, असे शंभरेक डोळे कापल्यावर मग कळतं यंदा छाटणी किती करायची, आणि हे सगळं बोटं बधिर झालेली असताना. आपण दापोलीत दोन दिवस गार वारा सुटला की कानटोपी शोधणारी माणसं! त्यातून वाचलं तर मोहोराला जसं आपल्याकडे धुकं नडतं तसा तिथे कोवळ्या फुटीला फ्रॉस्ट, म्हणजे गोठलेलं दव.

पहिलं बऱ्यापैकी पीक तिसऱ्या वर्षी, बाटली विकायला त्याच्याही पुढे. कलमं लावून वाट बघितलेल्या घराला हे काय सांगायचं.

मी असतो तर डिग्रीनंतर सप्टेंबर-ऑक्टोबरची तोडणी थंड भागात मजुरासारखी केली असती आणि जानेवारी ते मार्च नाशिकच्या एखाद्या वायनरीत टाक्या धुतल्या असत्या, एका वर्षात दोन्ही बसतं. बाग सांभाळणं आणि वाईन बनवणं ही दोन वेगळी करिअर आहेत, त्याला नेमकं कुठलं हवंय ते त्यालाच अजून माहीत नसावं. वाईनच हवी असेल तर पुढे कॅनडात ब्रॉक, जर्मनीत गायझेनहाइम अशी थंड हवामानाच्या द्राक्षावर शिकवणारी विद्यापीठं आहेत, जमीन घेण्यापेक्षा फी परवडेल.

तोवर तुमच्याच बागेत काजूची बोंडं झाडाखाली कुजत असतील ना? त्यावर कॉलेजच्या लॅबमध्ये गाईडला विचारून प्रोजेक्ट करू दे, ब्रिक्स (रसातली साखर मोजायचं माप), यीस्ट, बोंडाची घशातली खवखव कशी काढायची, सगळं शिकेल. घरी पिंपात काही आंबवू नका हां, लायसन्सशिवाय तो गुन्हा आहे.

काजूच्या गिऱ्हाइकाला सध्या 'मे महिन्यानंतर बघू' एवढंच कळवा.