बाबांना इतक्या लवकर स्वर्गात पाठवू नकोस

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. बाबांच्या पहिल्या वर्षाच्या मिस्साबलिदानात, म्हणजे चर्चमध्ये वेदीवर होणाऱ्या उपासनेत, त्यांच्या पापांच्या क्षमेसाठी प्रार्थना नको, इतक्या भल्या माणसासाठी क्षमा मागणे हा त्यांचा अपमान आहे, असे तुला वाटते. तुझी माया मला कळते. तरीही स्पष्ट सांगतो, बाबांना इतक्या लवकर स्वर्गात पाठवू नकोस. त्यांचे नाव घे आणि क्षमा माग.

माझ्या वडिलांच्या दफनविधीच्या वेळी मी चर्चमध्ये वीस मिनिटे बोललो आणि लोकांचे डोळे पाणावले. शेताच्या बांधावरून सख्ख्या भावाशी धरलेला अबोला त्यांनी मरेपर्यंत सोडला नव्हता, हे समोरच्या बाकांवर बसलेल्या अर्ध्या आळीला ठाऊक होते. मी मात्र त्यांना संत ठरवून मोकळा झालो. संतासाठी प्रार्थना कोण करतो? पुढची अकरा वर्षे मी त्यांच्यासाठी एक जपमाळही म्हटली नाही. मग एकदा दुसऱ्या कुणाच्या मयतीला दफनभूमीत गेलो, तर वडिलांच्या जागी ओली माती, नवा लाकडी क्रूस आणि त्यावर परके नाव. जागा अपुरी असल्याने आमच्याकडे ठरावीक मुदतीनंतर कबर पुन्हा उघडतात. तशी सूचना घरी आली होती, पण मी ती वाचलीही नव्हती. कबर गेली, भाषण तर केव्हाच विरून गेले होते. माझ्या हाती उरले ते त्यांचे नाव, आणि तेही मी अकरा वर्षांत वेदीपाशी घेतले नव्हते.

इ.स. 387 मध्ये ओस्तिया बंदरात अखेरच्या आजारात संत ऑगस्टीनची आई मोनिका हिने मुलांना हेच सांगितले होते: देह कुठेही पुरा, पण जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा. तिच्या पुण्याईबद्दल ऑगस्टीनपेक्षा अधिक कोणाला माहीत असणार? तरीही आत्मकथनात तो तिची स्तुती बाजूला ठेवून तिच्या पापांची क्षमा मागतो, आणि तिची व पॅट्रिशियस या आपल्या वडिलांची वेदीपाशी आठवण ठेवा, अशी वाचकांनाही विनंती करतो. यात आईचा अपमान कुठे झाला, ते तूच सांग.

शुद्धिस्थान, म्हणजे मृत्यूनंतर स्वर्गात जाण्याआधी आत्मा शुद्ध होतो ती अवस्था, ही छळाची कोठडी आहे, अशी भीती लहानपणी कुणी घातली असेल तर ती मनातून काढून टाक. 1563 मध्ये कॅथॉलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने शुद्धिस्थान आहे आणि तिथल्या आत्म्यांना आपल्या प्रार्थनांची, विशेषतः मिस्साबलिदानाची मदत होते, एवढेच ठामपणे सांगितले. तिथे असलेल्याचे तारण निश्चित असते, म्हणून त्याच्यासाठी क्षमा मागणे म्हणजे त्याच्यावर आरोप ठेवणे नव्हे. पहिले महायुद्ध पेटलेले असताना 1915 मध्ये पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी 2 नोव्हेंबरला, म्हणजे सर्व मृतांच्या स्मरणदिनी, प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा अर्पण करण्याची मुभा दिली. रणांगणावर पडलेल्या कितीतरी जणांना तेव्हा कबरही मिळाली नव्हती.

स्मरणपुस्तिका छापायची तर खुशाल छाप, कौतुकाचे चार शब्द घरी जेवणाच्या वेळी बोल. वेदीपाशी मात्र नाव घे आणि क्षमा माग. किती वेळा सांगू?

वडिलांचा दोष मी चव्हाट्यावर मांडतो, असे आमच्या भावकीत बोलले जाते. बोलोत. ज्याला आपण निर्दोष ठरवतो, त्याला आपण एकटे सोडतो, हे मी अकरा वर्षे करून पाहिले आहे. आता रोज पहाटे वडिलांच्या नावामागोमाग काकांचेही नाव घेतो. जिवंतपणी त्या दोघांना एका ओटीवर बसवणे मला जमले नाही.

नोव्हेंबरमध्ये वेदीपाशी ठेवायच्या यादीत तुझ्या बाबांचे नाव लिहायला घेतले आणि थांबलो. आम्ही सगळे त्यांना टोपणनावानेच हाक मारत आलो. त्यांचे बाप्तिस्म्याचे नाव तेवढे कळव.

तुझा,
सर