पैसे भरून घेतलेला गेम नेट गेलं की बंद पडतो, मग क्रॅक वापरला तर काय चुकलं?

तुम्ही लिहिलंय की गेल्या आठवड्यात घेतलेला गेम एकट्याने खेळायचा असूनही नेट गेलं की बाहेर फेकतो, आणि फुकट क्रॅक, म्हणजे संरक्षण तोडलेली चोरटी कॉपी, टाकलेला मित्र निवांत खेळत बसतो. तुमची चीड अगदी रास्त आहे. मी ती दहा वर्षं सोसली आहे.

मी सांगलीचा, गावभागातला. २००९ मध्ये पहिल्या पगारातून ओरिजिनल डीव्हीडी घेतली. गल्लीत तेव्हा सगळे राइट केलेल्या सीडीवर खेळायचे. बॉक्स उघडल्यावर कळलं की ॲक्टिव्हेशनला, म्हणजे कॉपी खरी आहे हे कंपनीकडून तपासून गेम सुरू करून घ्यायला, नेट लागतं, तेही फक्त ३ वेळा मिळणार. घरी नेट नव्हतं. सीपीयू चादरीत गुंडाळला, स्कूटरवर पायाशी उभा ठेवला आणि विश्रामबागला मित्राच्या घरी नेला. गतिरोधक आला की एका हाताने तो धरायचा. पहिलं ॲक्टिव्हेशन असं झालं. दुसरं विंडोज फॉरमॅट मारल्यावर गेलं, तिसरं मदरबोर्ड बदलल्यावर.

मग ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि कृष्णा ५७ फुटांवर गेली. खालच्या खोलीतला कॉम्प्युटर गाळात गेला. डीव्हीडी मात्र माळ्यावर होती. बॉक्स कोरडा, मागचा नंबरही स्पष्ट वाचता येत होता. नव्या कॉम्प्युटरवर टाकली तर ‘ॲक्टिव्हेशनची मर्यादा संपली’. कंपनीला मेल केला, तर या गेमला आता सपोर्ट नाही असं दोन ओळींचं उत्तर आलं. पुराने सोडलेली वस्तू ॲक्टिव्हेशनच्या कुलपाने नेली.

कुलूप ओरिजिनल कॉपीतच असतं. क्रॅक करणारा आधी तेच काढून टाकतो, त्यामुळे फुकट्याला त्याचा त्रास कधी होतच नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. २००८ च्या ‘स्पोर’ या गेमवर अशीच ३ ॲक्टिव्हेशनची मर्यादा होती, लोकांनी ओरड केल्यावर ती ५ केली. २०१३ मध्ये ‘सिमसिटी’ आला तेव्हा सर्व्हर कोलमडले आणि पैसे भरलेले लोक दाराबाहेर ताटकळत राहिले. ऑफलाइन मोड मिळाला वर्षभराने. ‘द क्रू’चे सर्व्हर २०२४ मध्ये बंद झाले, तेव्हा एकट्याने खेळायचा भागही सोबत गेला.

कंपन्यांची बाजू मला कळते. नवा गेम पहिल्या काही आठवड्यांत जास्त खपतो, तेवढ्या काळापुरतं कुलूप असावं हे मान्य. पण पुढे ते काढायला हवं. ‘डूम’ या गेममधलं डेनुव्हो नावाचं कुलूप २०१६ मध्येच, गेम आला त्याच वर्षी काढलं होतं. म्हणजे मनात असेल तर जमतं.

तरीही क्रॅक टाकू नका. कोणी बनवली माहीत नाही अशी फाइल अँटिव्हायरस बंद करून चालवायची, त्याच कॉम्प्युटरवर तुम्ही बँकेचे व्यवहारही करत असाल. आणि कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलंय: हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडलं तर २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. स्वतः घेतलेल्या वस्तूसाठी या भानगडीत का पडायचं?

मी आता गेम शक्यतो जीओजी या साइटवरून घेतो. तिथे इन्स्टॉलर उतरवून हार्ड डिस्कवर ठेवता येतो आणि नंतर नेट नसलं तरी तो चालतो. माझी ती हार्ड डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत, माळ्यावरच असते. दुसरीकडे घेताना गेमच्या पानावर डीआरएम (म्हणजे हेच कुलूप) आणि नेटची अट काय लिहिली आहे ते पैसे भरण्याआधी वाचतो.

तुमचा गेम स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेला असेल तर घेऊन १४ दिवस झालेले नसताना आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. आज रात्रीच मागा. कारणाच्या रकान्यात स्पष्ट लिहा: नेटशिवाय चालत नाही.