मुलीला रिफ्लक्स आहे, डॉक्टर ट्रायलमध्ये घ्यायचं म्हणतात. हो म्हणावं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगी साडेचार वर्षांची. तापासकट लघवीचं इन्फेक्शन दोनदा झालं आणि तपासणीत ग्रेड ३ रिफ्लक्स निघाला, म्हणजे मूत्राशयातली लघवी उलटी वर मूत्रपिंडाकडे चढते. आता तिला एका ट्रायलमध्ये घेऊ का, अशी विचारणा झाली आहे. तिला रोज रात्री अँटिबायोटिकचा छोटा डोस मिळेल, की तसंच दिसणारं, तशाच चवीचं पण औषध नसलेलं पातळ मिळेल, हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरणार. ‘पोरीला गिनिपिग करायचं का?’ असं तुम्ही विचारलंय. आणि पुढे वैतागून लिहिलंय, ‘लघवीसाठी दाखवायला गेलो, तर सगळे शीचीच चौकशी करतात.’

मी डॉक्टर नाही. लहान मुलांच्या शस्त्रक्रिया विभागात गेली अकरा वर्षं ट्रायल कोऑर्डिनेटर आहे. संमतीपत्र आईवडिलांना वाचून दाखवणं, डायऱ्या गोळा करणं, परत आलेल्या बाटल्यांत किती औषध उरलंय ते मोजणं, ही माझी कामं. म्हणजे होकार मिळवणाऱ्यांच्या बाजूची मी आहे, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

आधी शीचं सांगते, कारण ट्रायलचं उत्तर बरंचसं त्यावरच ठरेल.

मूत्राशय आणि गुदाशय एकमेकांना खेटून असतात. गुदाशयात घट्ट शी साठत गेली की तो फुगतो आणि मूत्राशयाला रेटतो. मग मूत्राशय धड पुरता भरत नाही, धड पुरता रिकामाही होत नाही. आत उरलेल्या लघवीत जंतूंना आयतंच घर मिळतं. दुसरी गंमत स्नायूंची. दोन्ही वाटा आवळणारे स्नायू ओटीपोटाच्या तळाशी एकत्रच असतात. शी करताना एकदा दुखलं की मूल ती आवळून धरायला शिकतं, आणि ही सवय लघवीच्या वेळीही सुटत नाही. धार तुटक होते, आतला दाब वाढतो, आणि रिफ्लक्स असलेल्या मुलात तो दाब लघवी वर ढकलतो.

‘रोज जाते हो ती’ हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकते. रोज जाणं वेगळं, पोट साफ होणं वेगळं. खडे पडतात का, चड्डीला डाग लागतात का, शी इतकी जाड असते का की कमोडमधून लवकर जात नाही, हे बघा. आणखी एक बघा. खेळता खेळता मधेच ती उकिडवी बसते का, एक टाच अंगाखाली घट्ट दाबून, नजर कुठेतरी लावून, दहा-पंधरा सेकंद गप्प? घरच्यांना वाटतं चप्पल नीट करतेय. ती खरं तर आलेली शू परतवून लावत असते. एकदा कळलं की हे दिवसातून पाच वेळा दिसायला लागतं.

१९९७ साली छापलेला एक अभ्यास आमच्याकडे अजून सांगितला जातो. जुनाट बद्धकोष्ठ असलेली २३४ मुलं त्यात होती. उपचारांनी जेमतेम निम्म्यांचंच (५२ टक्के) पोट नीट मार्गी लागलं. पण ज्यांचं लागलं त्यांच्यात दिवसा चड्डी ओली करणाऱ्यांपैकी ८९ टक्क्यांचा आणि रात्री अंथरूण ओलं करणाऱ्यांपैकी ६३ टक्क्यांचा त्रास थांबला. मूत्रमार्गाच्या रचनेत दोष नसलेल्यांची इन्फेक्शनंही थांबली. या अभ्यासात तुलनेला दुसरा गट नव्हता. वय वाढलं की काही मुलं आपोआप सुधारतातच, त्यामुळे ते आकडे मी जसेच्या तसे घेत नाही. तरी मूत्राशयाच्या औषधाआधी पोटाचं औषध का लिहिलं जातं, ते यावरून कळेल.

आता ट्रायल. तुम्हाला सांगितलेली रचना ऐकून मला लगेच ‘रिव्हर’ आठवली. अमेरिकेतल्या या ट्रायलचे निष्कर्ष २०१४ साली आले. इन्फेक्शन होऊन गेलेली आणि रिफ्लक्स असलेली ६०७ मुलं, वय २ ते ७१ महिने. निम्म्यांना दोन वर्षं रोज अँटिबायोटिक, निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे तसंच दिसणारं पण औषध नसलेलं पातळ. औषधाच्या गटात ३०२ पैकी ३९ मुलांना पुन्हा इन्फेक्शन झालं, प्लासिबोच्या गटात ३०५ पैकी ७२ जणांना. जवळपास अर्ध्यावर आलं. पण ज्यासाठी एवढा खटाटोप, ते मूत्रपिंडावरचे व्रण मात्र दोन्ही गटांत सारखेच निघाले. शिवाय औषध घेऊनही ई. कोलाय या जंतूचं इन्फेक्शन झालेल्या मुलांत ६३ टक्के वेळा तो जंतू त्या औषधाला दाद न देणारा होता. प्लासिबोवाल्यांत हेच प्रमाण १९ टक्के. म्हणजे फायदा खरा, पण फुकटचा नाही.

तुमच्या कामाची गोष्ट त्या ट्रायलच्या पोटात आहे. स्वतःहून शी-शू सांगू लागलेल्या ज्या १२६ मुलांची तपासणी झाली, त्यातल्या ७१ जणांना मूत्राशय आणि पोट दोन्हींच्या सवयींची गडबड होती. आणि रोजच्या अँटिबायोटिकचा फायदा सगळ्यात जास्त दिसला तो अशाच मुलांत.

म्हणून तुमच्या जागी मी असते तर ‘हा प्रयोग आहे का’ हे विचारलंच नसतं. प्रयोग तर आहेच. मी विचारलं असतं, ‘हे एकदा बघून झालंय, मग तुम्ही नवीन काय शोधताय?’ याचं साध्या भाषेत दोन वाक्यांत उत्तर आलं नाही, तर मी उठले असते. चिठ्ठी काढणं न्याय्य कधी, तर दोन्ही बाजूंपैकी कुठली बरी हे जाणकारांना खरोखर ठाऊक नसतं तेव्हा. माहीत असून चिठ्ठी काढली तर ती फसवणूक झाली. तुमच्या मुलीचं पोट बिघडलेलं निघालं, तर तिच्यापुरता तराजू सुरुवातीलाच औषधाकडे थोडा झुकलेला आहे, हे तोंडावर बोलून दाखवा. मग ते काय म्हणतात ते ऐका. चांगल्या ट्रायलमध्ये दोन्ही गटांना बद्धकोष्ठाचा उपचार मिळतो आणि ताप आला की लगेच लघवीची तपासणी होते, मग बाटलीत काहीही असो. हे दोन्ही लेखी आहे का ते बघा. ताप रात्री अडीचला चढला तर फोन कोण उचलणार, बाटलीत काय होतं हे गरज पडली तर किती वेळात उघड करणार, हेही विचारा. पहिल्या प्रश्नाला आम्ही कोऑर्डिनेटर कधीकधी बिचकतो, कारण रात्री अडीचचा फोन बहुतेक वेळा आमच्याच उशाशी असतो.

गिनिपिग या शब्दाबद्दल एक किस्सा सांगते, कारण ट्रायलच्या बाहेर राहिलं की मूल प्रयोगातून सुटतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पाठीच्या कण्याच्या जन्मजात दोषात, स्पायना बिफिडात, मूत्राशयावर ताबा राहत नाही. चीनमधले सर्जन शियाओ यांनी पायाकडे जाणारी एक नस मूत्राशयाच्या नसेला जोडायची शस्त्रक्रिया काढली. मांडी खाजवली की मूत्राशय रिकामं होईल, अशी कल्पना. २००५ साली त्यांनी २० मुलांचे निकाल छापले आणि १७ जणांना चांगला फायदा झाल्याचं सांगितलं. ज्यांचं मूल दिवसातून चार-पाच वेळा नळी घालून लघवी काढतं, त्या आईबापांना हे वाचून काय वाटलं असेल! देशोदेशीचे लोक मुलांना घेऊन निघाले. पुढे अमेरिकेत एका गटाने नीट पडताळा घेतला. कण्यातली अडकलेली मज्जारज्जू मोकळी करायची शस्त्रक्रिया ज्यांना तशीही लागणारच होती, अशी २० मुलं निवडली. निम्म्यांची फक्त तेवढीच केली, निम्म्यांची त्याच वेळी नसही जोडली. कुणाची जोडली हे ना घरच्यांना माहीत, ना तपासणाऱ्यांना. तीन वर्षं पाठपुरावा केला. २०१६ साली निकाल छापून आला: नस जोडल्याचा काहीही जास्तीचा फायदा नाही.

त्या २० घरांनी हो म्हटलं म्हणून पुढच्या कित्येक मुलांच्या पाठीवरची सुरी टळली. आणि त्याआधी ज्यांनी भरवशावर ती शस्त्रक्रिया करून घेतली, त्यांच्यावरही प्रयोगच झाला होता. फक्त त्याची नीट नोंद ठेवलेली नव्हती.

पित्तनलिका बंद असलेल्या तान्ह्या बाळांचं असंच. कासाई शस्त्रक्रियेनंतर, म्हणजे पित्त वाहून जायला आतड्यातून नवी वाट करून देणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर, स्टेरॉइड दिलं की पित्त चांगलं वाहतं, असं मानून कितीतरी ठिकाणी ते देत होते. १४० बाळांच्या ट्रायलमध्ये २०१४ साली दिसलं, की सहा महिन्यांनी ठरवता येईल असा फरक नाही, उलट स्टेरॉइडवाल्या बाळांना गंभीर त्रास लवकर सुरू झाले. १४० हा आकडा लहान वाटेल, पण मुलांच्या शस्त्रक्रियेत एवढी बाळं गोळा करायला अनेक केंद्रांना मिळून वर्षं लागतात. म्हणून आम्ही एकेका होकारासाठी एवढे मागे लागतो. त्या मागे लागण्याचा तुमच्यावर दबाव येत असेल तर तसं तोंडावर सांगा. नाही म्हटल्याने तिच्या नेहमीच्या उपचारात फरक पडता कामा नये, आणि हो म्हणून नंतर कधीही, कारण न देता, बाहेर पडता येतं. संमतीपत्र घरी न्या, चार दिवस ठेवा. जागच्या जागी सही मागणाऱ्याला सही देऊ नका, ती मागणारी मी असले तरी.

निर्णयाआधी एक करून बघा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. तीन दिवस तिची शी-शूची वही ठेवा. किती वाजता, किती (एक मापाचा मग त्यासाठीच बाजूला काढून ठेवा), चड्डी ओली की कोरडी, शी कशी. या वयाच्या मूत्राशयात साधारण किती मावायला हवं याचा ढोबळ हिशोब म्हणजे वयात एक मिळवायचा आणि तिसाने गुणायचं. तुमच्या मुलीचे १६५ मिली झाले. दर वेळी त्याच्या पाव भागाएवढीच होत असेल, किंवा सकाळपासून दुपारी दोनपर्यंत ती गेलीच नसेल, तर डॉक्टरांना तासाभराच्या बोलण्यापेक्षा त्या पानातून जास्त कळेल.

आणि ती वही ज्या त्या वेळी भरा. दाखवायला येण्याच्या आदल्या रात्री एका बैठकीत भरलेली डायरी आम्ही लांबून ओळखतो. तीनही दिवस एकच पेन, एकच अक्षर, सगळ्या वेळा पूर्ण तासांवर, आणि एकाही पानावर पाण्याचा डाग नाही.