रोज पावडर घालूनही सन कोरल उपाशी कसं?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही न्यू जर्सीला असतो. दीड वर्षापूर्वी ४० गॅलनचा म्हणजे साधारण दीडशे लिटरचा रीफ टँक (खाऱ्या पाण्याचा, जिवंत कोरल म्हणजे प्रवाळ ठेवायचा) लावला. टॉर्च, डंकन, थोडे झोआ असे कोरल आहेत आणि चार महिन्यांपूर्वी हौसेनं केशरी सन कोरल आणलं. रोज रात्री एक चमचा कोरल फूडची पावडर पाण्यात टाकतो, तरी सन कोरल उघडतच नाही, कडेनं पांढरा सांगाडा दिसायला लागलाय. वर दगडांवर हिरवं केसाळ शेवाळ माजलंय. पाणी तपासलं तर नायट्रेट ४०, फॉस्फेट ०.३ आलं. आई सध्या इकडे आलीये, ती म्हणते अरे त्याला नीट जेवायला घाल. अजून किती घालू?

उत्तर : आई बरोबर बोलतायत हो, पण तुम्ही जेवायला घालताय ते शेवाळाला! दीडशे लिटरला रोज चमचाभर पावडर म्हणजे रोजचं लग्नाचं जेवण झालं, आणि पंप चालू असताना टाकत असाल तर त्यातली बरीचशी फिल्टरमध्ये जाऊन बसते, तिथे कुजते, आणि तेच तुमचं नायट्रेट न् फॉस्फेट. पावडर आजपासून बंद.

आता गंमत अशी आहे की तुमच्या टँकमध्ये दोन वेगवेगळ्या सवयीची मंडळी आहेत. टॉर्च, डंकन, झोआ यांच्या अंगातच सूक्ष्म शेवाळ राहतं, ते लाइटवर साखर बनवतं आणि बरीचशी कोरललाच देऊन टाकतं. उथळ पाण्यातल्या बऱ्याच कोरलची ९० टक्क्यांपर्यंत एनर्जी तिथूनच येते. त्यामुळे यांना आठवड्यातनं एकदोनदा एखादा छोटा मायसिस (कोळंबीसारखा बारीक जीव) मिळाला तरी खूश. मोठा तुकडा दिलात तर टॉर्च काही तासांनी तो तसाच बाहेर टाकतं आणि आपल्याला वाटतं आजारी पडलं.

सन कोरलच्या अंगात मात्र हे शेवाळ अजिबात नसतं. नावात सन आहे ते रंगारूपामुळे, समुद्रात ते कपारीत, गुहेच्या छताला अंधारात वाढतं. कितीही महागडा लाइट लावा, त्याला शून्य उपयोग. जे काय पोटात जाईल ते तोंडातनंच, आणि प्रत्येक पॉलिपला (कोरलवरच्या एकेका तोंडाला) वेगळं भरवावं लागतं. दुकानात हे कुणी सांगत नाही, रंग बघून आपण उचलतो (मीही असंच उचललं होतं, तीन महिन्यांत गेलं, तेव्हा मलाही वाटलं होतं की पाण्यात टाकलेलं त्याला मिळतच असेल).

तर असं करा. रात्री ठरलेल्या वेळी फ्रोझन मायसिस टँकच्याच कपभर पाण्यात वितळवा, गाळून घ्या, पण ते वितळलेलं पाणी फेकू नका. पंप बंद करा. त्या पाण्यातलं अगदी थोडं पिपेटनं सन कोरलवर सोडा आणि पंधरावीस मिनिटं वाट बघा, वास लागला की पॉलिप हळूहळू तोंड काढतात. पहिले काही दिवस नाही काढणार, उपाशी कोरलला उघडायची ताकदच नसते, तरी वेळ चुकवू नका. उघडले की एकेका तोंडाशी एकेक मायसिस. क्लीनर श्रिम्प असेल तर तो भरवलेला घास तोंडातनं ओढून नेतो, त्याच्यासाठी प्लॅस्टिकच्या बाटलीचा बूड कापलेला वरचा भाग कोरलवर पालथा घालायचा आणि बाटलीच्या तोंडातनं पिपेट आत घालायची. पाऊण तासानं पंप सुरू, उरलेलं ओढून घ्या. आत्ता एक दिवसाआड, अंग धरलं की आठवड्यातनं दोनतीनदा. एवढा वेळ खरंच नसेल तर ते कुणा जाणत्याला देऊन टाका, वाईट वाटून घेऊ नका.

शेवाळासाठी दर आठवड्याला १५ टक्के पाणी बदला आणि दगड टूथब्रशनं घासा. फॉस्फेट एका रात्रीत शून्यावर आणायच्या भानगडीत पडू नका, कोरल त्यानंच मरतात, आणि नायट्रेट, फॉस्फेट दोन्ही शून्य झालं की डायनो (तपकिरी चिकट थर धरणारे सूक्ष्म जीव) येतात, ते शेवाळापेक्षा वाईट. अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) तुम्ही लिहिलेलीच नाही! सांगाडा बनतो तो कॅल्शियम आणि अल्कलिनिटीतनं, अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएचच्या (हे तिचं एकक) आसपास स्थिर ठेवा, दिवसात एकपेक्षा जास्त हलू देऊ नका.

आणि एक, आईंना आत्ताच सांगून ठेवा. दगडावर शेवाळ आलंय म्हणून कुणी तो गरम पाण्यात उकळायला घेईल, आपल्याकडे सगळ्यावर तोच उपाय असतो. झोआ चिकटलेला दगड कधीच उकळायचा नाही. काही झोआत पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असतं, ते वाफेबरोबर श्वासात गेलं तर घरातले सगळे हॉस्पिटलमध्ये. झोआ हाताळताना ग्लोव्हज आणि डोळ्याला चष्मा.

प्रश्न : ताई, मी पुण्याची. मित्र मालवणला चाललाय, त्याला किनाऱ्यावरचा मेलेल्या कोरलचा एखादा तुकडा आणायला सांगू का? माझ्या गप्पीच्या टँकमध्ये छान दिसेल.

उत्तर : नको गं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळे कठीण कोरल आहेत, म्हणजे वाघाच्याच यादीत, आणि मेलेला तुकडा असला तरी सुटका नाही. टँकमध्ये शोभेलाच हवा असेल तर रेझिनचा नकली मिळतो, गप्पींना काही फरक पडत नाही. मित्राला म्हणावं सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग कर आणि फोटो काढून आण, फक्त कोरलवर पाय ठेवून उभा राहू नकोस.