वाचकांचे प्रश्न : सुटका झालेली जनावरे आणि त्यांचे नवे घर

प्रश्न : उपासमारीतून सोडवलेली एक घोडी संस्थेच्या पशुवैद्यांच्या देखरेखीखाली गेल्या आठवड्यात थेट आमच्याकडे आली. तिच्या बरगड्या मोजता येतात, तरीही धान्याचा दाणाही देऊ नका, दर चार तासांनी थोडा लसूणघासच द्या, असे आम्हाला बजावले आहे. हे फारच कडक वाटते. शिवाय ती आमच्याजवळ येत नाही, हात पुढे केला की मान फिरवते. नव्या घरी ती सुखी आहे की नाही, हे कसे ओळखावे?

उत्तर : आपल्याला दिलेली सूचना योग्य आहे आणि ती काटेकोरपणे पाळावी. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या घोड्याचे शरीर स्वतःचीच चरबी व स्नायू जाळून तगलेले असते. अशा वेळी पोटात एकदम धान्य गेले, तर त्यातील पिष्टामुळे रक्तात इन्सुलिन वाढते, रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने पेशींमध्ये ओढले जातात आणि हृदय व श्वसन बंद पडून जनावर दगावू शकते. हा धोका खाणे सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या आठवडा-दहा दिवसांत सर्वाधिक असतो. त्यामुळे उपासमारीतून वाचलेले घोडे पुष्कळदा दयाळू माणसाच्या हातच्या भरल्या पाटीने मरतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी निरनिराळे आहार तपासून वाळलेल्या लसूणघासाची शिफारस केली, कारण त्यात पिष्ट कमी असते आणि प्रथिने, फॉस्फरस व मॅग्नेशियम भरपूर असतात. पहिले तीन दिवस दर चार तासांनी साधारण अर्धा किलो, पुढे दहाव्या दिवसापर्यंत प्रत्येक वेळचे प्रमाण हळूहळू वाढवत वेळा कमी करणे आणि त्यानंतर दिवसातून दोनदा पोटभर वैरण, असा तो क्रम आहे. स्वच्छ पाणी मात्र सतत समोर असावे. जंताचे औषध कधी द्यायचे, हेही पशुवैद्यांनाच ठरवू द्यावे. अंगावर पूर्ववत मांस धरायला तीन ते पाच महिने लागतात. रोज पाहणाऱ्याच्या डोळ्यांना तो फरक जाणवत नाही, म्हणून दर पंधरवड्याला एकाच बाजूने छायाचित्र काढावे आणि संशोधक हेनेके यांनी 1983 मध्ये मांडलेल्या 1 (अगदी कृश) ते 9 (अतिलठ्ठ) या श्रेणीप्रमाणे मान, वादर (मान व पाठ यांमधला उंचवटा), खांद्यामागचा भाग, बरगड्या, पाठ आणि शेपटीचे मूळ हाताने चाचपून नोंद ठेवावी.

आता तिच्या मान फिरवण्याविषयी. दत्तक घेणाऱ्या पुष्कळ जणांची सुटका झालेल्या जनावराकडून कृतज्ञतेची अपेक्षा असते, आणि ती दिसली नाही की ते हिरमुसतात. माझ्या मते ही अपेक्षाच सोडून द्यावी. घोड्याला माणसाचा चेहरा व त्यावरचा भाव लक्षात राहतो. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घोड्यांना आधी एखाद्या व्यक्तीचे रागीट किंवा हसऱ्या चेहऱ्याचे छायाचित्र दाखवण्यात आले आणि काही तासांनी तीच व्यक्ती कोणताही भाव न दाखवता समोर उभी राहिली, तेव्हा रागीट चेहरा पाहिलेले घोडे तिच्याकडे अधिक सावधपणे पाहत होते. केवळ छायाचित्राचा एवढा परिणाम होत असेल, तर हाल सोसलेल्या घोडीने आठवडाभरात हाताशी यावे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिचे सुख तिच्या स्वतःच्या वागण्यात शोधावे. खाताना प्रत्येक आवाजाला ती डोके वर उचलते का, हे पाहावे. घोडा उभ्यानेच डुलकी काढतो, पण गाढ स्वप्नावस्थेची झोप त्याला आडवे झाल्याशिवाय मिळत नाही आणि जागा सुरक्षित वाटल्याशिवाय तो आडवा होत नाही. म्हणून सकाळी तिच्या कुशीला पेंढ्याच्या काड्या चिकटलेल्या दिसल्या, तर ती तिच्या समाधानाची मोठी खूण समजावी. आपण नुसते गव्हाणीजवळ बसून राहावे, हात लावण्याची घाई करू नये. खरारा तिने स्वतःहून जवळ येऊ दिल्यानंतर करावा. आणखी एक गोष्ट विसरू नये. सोडवलेली घोडी गाभण असण्याची शक्यता नेहमी असते, आणि गर्भकाळ अकरा महिन्यांचा असल्याने ते बराच काळ बाहेरून कळत नाही. तपासणी झालेली नसेल तर करून घ्यावी.

प्रश्न : आमच्याकडे एकच दत्तक घोडा आहे. त्याला सोबत म्हणून गाढव आणावे की शेळी? सर्वांना एकाच ठिकाणी चारता येईल का?

उत्तर : घोडा कळपाचा प्राणी आहे. एकटा ठेवलेला घोडा कधी कधी तबेल्याच्या दारात डुलत राहतो किंवा लाकूड दातांत धरून हवा ओढतो, आणि लोक त्याला खोड म्हणतात. उत्तम सोबती दुसरा घोडाच. दोन घोडे एकमेकांची वादर दातांनी खाजवतात तेव्हा त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे मोजमाप करून दिसून आले आहे; माणसाने कितीही माया केली तरी ती या सोबतीची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही. शेळी चालते, पण दुसरा घोडा सांभाळणे खरोखरच अशक्य असेल तेव्हाच.

गाढव आणायचे असेल तर जोडी आणावी. गाढवे एकमेकांशी घट्ट नाते जोडतात आणि जोडीदार दुरावल्यास खाणे सोडतात. उपाशी गाढवाच्या रक्तात चरबी साचून यकृत निकामी होण्याचा आजार त्यामुळे ओढवतो. इंग्लंडमध्ये एलिझाबेथ स्वेंडसन यांनी 1969 मध्ये स्थापन केलेली ‘द डाँकी सँक्च्युअरी’ ही संस्था याच कारणाने एकटे गाढव दत्तक देत नाही. गाढवाच्या फुप्फुसांतील जंत त्याला स्वतःला फारसा त्रास देत नाहीत, मात्र त्याच कुरणात चरणाऱ्या घोड्याला खोकला लावतात, म्हणून आधी लीद तपासून घ्यावी. कोणतेही नवे जनावर निदान तीन आठवडे वेगळे ठेवावे.

एकत्र चरायला हरकत नाही, एकत्र खुराक मात्र कधीही देऊ नये. गाई आणि कोंबड्यांच्या काही तयार खाद्यांत मोनेन्सिन हे औषध मिसळलेले असते, आणि ते थोड्या प्रमाणातही घोड्याच्या हृदयाला घातक ठरते. शेळीला तांब्याची गरज अधिक असते, मेंढीच्या यकृतात तेच तांबे साचून विषबाधा होते. खाद्याची पिंपे वेगवेगळी आणि कुलूपबंद असावीत, कारण घोडे झाकण उघडायला शिकतात.

प्रश्न : सोडवलेली जनावरे नव्या घरी ‘आनंदात’ आहेत, हे आपण आपल्या भावना त्यांच्यावर लादून म्हणतो, असे माझे मत आहे. याला काही आधार आहे का?

उत्तर : आपली शंका रास्त आहे, परंतु आधारही आहे. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील संशोधकांनी केंट परगण्यातील शेळ्यांच्या एका आश्रयस्थानात एक प्रयोग केला आणि तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्वी हाल झालेल्या नऊ आणि नीट सांभाळलेल्या नऊ शेळ्या-बोकडांना आधी शिकवले गेले की, एका बोळाच्या टोकाला खाद्य असते, दुसऱ्याच्या टोकाला नसते. मग या दोहोंच्या मधले, अनिश्चित बोळ उघडण्यात आले. खाद्य मिळेल अशी आशा असलेले जनावर तिकडे झपाट्याने जाते, ज्याला आशा नाही ते रेंगाळते. हाल सोसलेल्या माद्या चांगल्या सांभाळलेल्या माद्यांपेक्षाही अधिक आशेने गेल्या. ही जनावरे तेथे दोन वर्षांहून अधिक काळ राहिलेली होती, हे ध्यानात घ्यावे. महिनाभराच्या पाहुणचाराचा हा परिणाम नव्हे. नमुनाही लहान होता. तथापि, चांगल्या दीर्घकालीन देखभालीने मनाची स्थिती सुधारू शकते, असे म्हणायला ही भक्कम सुरुवात आहे.

प्रश्न : पिंजऱ्यातून सोडवलेल्या अंडी देणाऱ्या कोंबड्या दांडीवर बसत नाहीत. काय करावे?

उत्तर : दांडी जमिनीलगत ठेवावी. पिंजऱ्यात त्यांचे पाय वापरात नव्हते आणि अंड्यांच्या कवचासाठी कॅल्शियम गेल्याने हाडे ठिसूळ असतात, त्यामुळे उंचावरून उडी मारताना हाड मोडते. पिसे काही आठवड्यांत भरतात, धूळस्नान त्या स्वतःच करू लागतात. मांसासाठी वाढवलेल्या जातीच्या कोंबड्यांना मात्र मोजूनच खाद्य द्यावे, नाहीतर वाढत्या वजनाने पाय आणि हृदय दोन्ही थकतात.

प्रश्न : संस्था घोड्याची मालकी आमच्या नावे करायला तयार नाही. हा अविश्वास नाही का?

उत्तर : नाही. 1927 मध्ये एडा कोल यांनी सुरू केलेली ‘वर्ल्ड हॉर्स वेल्फेअर’ ही संस्थाही घोडा घरी देते, पण मालकी स्वतःकडे ठेवते आणि तिचे अधिकारी वेळोवेळी पाहणी करतात. घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो; तेवढ्या काळात माणसाचे आजारपण, स्थलांतर किंवा आर्थिक अडचण येऊ शकते, आणि मालकी संस्थेकडे असेल तर घोडा पुन्हा बाजारात जात नाही. करारावर सही करण्यापूर्वी दोनच गोष्टी लेखी घ्याव्यात : दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर तासण्याचा आणि वर्षातून एकदा दात तपासण्याचा खर्च कोणी करायचा, आणि घोडा परत करण्याची वेळ आली तर संस्था तो किती दिवसांत घेऊन जाईल.