ऑलिंपिकसाठी बांधलेल्या भव्य स्टेडियमचे नंतर दुसऱ्या खेळासाठी यशस्वी रूपांतर करता येते का?

येते, परंतु माझ्या मते ते रूपांतर पायाभरणीच्या आधीच आराखड्यात ठरलेले असावे लागते. अमेरिकेतील अटलांटा येथील सेंटेनियल ऑलिंपिक स्टेडियमचे उदाहरण मला सर्वांत पटते.

1996 च्या ऑलिंपिकमध्ये तेथे सुमारे 85,000 प्रेक्षक बसत. मुहम्मद अलींनी ज्योत प्रज्वलित केली ती तेथेच आणि मायकेल जॉन्सनने 200 मीटरची शर्यत 19.32 सेकंदांत जिंकली तीही तेथेच. मात्र स्पर्धेनंतर हे मैदान अटलांटा ब्रेव्हज या बेसबॉल संघाचे होणार, हे बांधकामापूर्वीच निश्चित होते. बेसबॉलचे मैदान एका कोपऱ्यातून पंख्यासारखे उलगडत जाते, तर धावपट्टी लंबगोल असते. म्हणून नैऋत्य कोपऱ्यात बेसबॉलला साजेसे, अधिक मजल्यांचे कायमस्वरूपी प्रेक्षकसज्जे उभारले गेले आणि उत्तरेकडील सज्जे तात्पुरते ठेवले गेले. ऑलिंपिकच्या काळातील हवाई छायाचित्रांत तो कोपरा काहीसा विजोड दिसतो, कारण तेथील आसने धावपट्टीपासून बरीच लांब पडत. पण मला तर त्या विजोडपणातच आराखड्याचे खरे शहाणपण दिसते. पॅरालिंपिक संपल्यावर उत्तरेची बाजू पाडण्यात आली आणि 1997 मध्ये सुमारे 50,000 आसनांचे टर्नर फील्ड खुले झाले.

ब्रेव्हजचे शेजारचे 1965 चे जुने स्टेडियम त्याच वर्षी स्फोटके लावून पाडले आणि तेथे वाहनतळ केला. ब्रेव्हजचा खेळाडू हँक आरन याने 1974 मध्ये त्या जुन्या मैदानावर कारकिर्दीतील 715 वा होम रन (चेंडू थेट सीमेपार टोलवणारा फटका) मारून बेब रूथ या जुन्या काळच्या बेसबॉलपटूचा सर्वाधिक होम रनचा विक्रम मोडला, तेव्हा चेंडू जेथे पडला ती जागा मात्र त्या वाहनतळात खूण करून जपली आहे, याचे मला फार समाधान वाटते.

लंडनमध्ये उलट घडले. 2012 साठी 80,000 आसनांचे स्टेडियम बांधताना, पुढे ते 25,000 आसनांचे ॲथलेटिक्सचे मैदान व्हावे असा विचार होता. नंतर ते वेस्ट हॅम या फुटबॉल संघाला देण्याचे ठरले आणि छतापासून सरकत्या आसनांपर्यंत सारे नव्याने करताना रूपांतराचाच खर्च 32 कोटी पौंडांवर गेला.

तरीही उत्तम आराखडा संघाला कायमचे बांधून ठेवू शकत नाही. 2016 चा हंगाम संपल्यावर ब्रेव्हज शेजारच्या कॉब काउंटीतील नव्या मैदानावर गेले. त्यानंतर जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने टर्नर फील्ड विकत घेतले आणि 2017 पासून तेथे त्यांचा अमेरिकन फुटबॉल संघ खेळतो. आसने आता सुमारे 25,000 आहेत.