तळाचा कापूस

भुसावळ

बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या भित्तिपत्रकाचा फोटो मिळाला. 'राजी' या गेमवरच्या तुझ्या रिव्ह्यूखाली कुणीतरी पेन्सिलने लिहिलंय, "आपल्याच माणसांच्या गेमला नावं ठेवतेस?" आणि त्याच्याखाली वेगळ्या अक्षरात, "चार-पाच तासांत संपणाऱ्या गेमला दहापैकी सात?" एकाला तू कठोर वाटलीस, दुसऱ्याला मवाळ. यातलं कोण बरोबर, असं तू विचारलंयस. मला त्या दोघांपेक्षा तुझ्या पहिल्या परिच्छेदाची जास्त काळजी वाटली. तू काय मनात धरून खेळायला बसलीस, हे त्यात कुठेच नाही.

2020 साली पुण्याच्या नॉडिंग हेड्स या कंपनीने 'राजी' आणला तेव्हा मी किती हरखलो होतो, ते तुला माहीत नाही. हरवलेल्या भावाला शोधत निघालेली मुलगी, तिची गोष्ट सांगणारे दुर्गा आणि विष्णू, भिंतींवर आपली चित्रं. जगभरच्या समीक्षकांनी चित्रांचं आणि संगीताचं कौतुक केलं आणि लढाई कच्ची आहे, शेवट एकदम येतो, असंही लिहिलं. मला त्यांचा राग आला होता. पुढे दोन-तीन महिन्यांनी पुन्हा खेळलो, तेव्हा त्यांचं म्हणणं पटलं. मी अभिमानापोटी बसलो होतो, ते लढाई खेळायला बसले होते. गेम तोच. तुझ्या पेन्सिलवाल्या पहिल्या मुलाचंही माझ्यासारखंच झालंय, त्याच्यावर रागावू नकोस. पण तुझा मुद्दाही सोडू नकोस. आपल्या माणसाचं काम आहे म्हणून जरा सांभाळून घेतलं, तर पुढच्या गेमची लढाई सुधारणार कशी?

अपेक्षेचं हे मला कुणी शिकवलं ते सांगतो. स्टेशनजवळ माझं सायबर कॅफे होतं तेव्हाची गोष्ट. अर्ध्या तासाचे दहा रुपये. रेल्वे क्वार्टर्समधला एक मुलगा दर रविवारी यायचा, शर्टाच्या खिशात चार घड्या घातलेली दहाची नोट असायची. नेहमी गाड्यांचा गेम मागायचा. एकदा मी त्याला म्हटलं, हा नवा आलाय, यातही गाडी आहे आणि गोष्ट तर इतकी सुंदर आहे की बघत राहशील. तो बसला. सुरुवातीचा व्हिडिओ, मग माणसं बोलतायत, मग चालायचं कसं ते शिकवतायत, मग पुन्हा व्हिडिओ. मी दुसऱ्या गिऱ्हाइकाचं प्रिंट काढत होतो. अर्धा तास झाला, तसा तो उठला. नोट काढून सरळ केली, टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "गाडी चालवायची राहिलीच, काका." तक्रारीचा सूरही नव्हता. मी नोट परत द्यायला लागलो, त्याने घेतली नाही. गेम खरोखर उत्तम होता, आजही म्हणेन. पण ज्याच्याकडे अर्धाच तास आहे त्याला मी तो सुचवला आणि सुरुवातीचा तासभर हातात काही लागत नाही, हे सांगितलं नाही. ती चूक माझी होती. तेव्हापासून कुठल्याही गेमबद्दल लिहायला बसलो की तो मुलगा डोळ्यांसमोर येतो.

तू शेतकऱ्याच्या घरची आहेस. कापसाची गाडी उभी राहिली की व्यापारी काय करतो, ते लहानपणापासून बघितलंयस. वरचा पांढराशुभ्र थर तो बघतही नाही. कोपरापर्यंत हात आत घालतो, तळातून मूठभर ओढतो आणि मूठ दाबून ओल जोखतो. मग दोन्ही चिमटींत पुंजका धरून हळूहळू ताणतो, धागा किती लांब निघतो ते बघतो, कवडी, म्हणजे किडका-डागाळलेला कापूस, किती आहे ते बघतो. तुझ्या वडिलांना त्याचा भाव पटत नाही ती गोष्ट वेगळी. पण हात न घालता त्याने भाव सांगितला असता, तर वडील त्याच्याशी बोललेही नसते.

'सायबरपंक 2077'च्या वेळी समीक्षकांच्या हाती वरचाच थर आला होता. 10 डिसेंबर 2020 ला गेम बाजारात आला. त्याआधी त्यांना फक्त पीसीवरची प्रत मिळाली होती आणि व्हिडिओत स्वतः रेकॉर्ड केलेली दृश्यं वापरायची परवानगीही नव्हती. पीसीवर गेम बराच चांगला चालत होता, भरघोस गुण मिळाले. मग पीएस4 आणि एक्सबॉक्स वन ही टीव्हीला जोडायची जुनी गेम-मशीनं असलेल्यांनी पैसे मोजून तो लावला आणि त्यांच्या पडद्यावर तो अडखळायला लागला, मधेच बंद पडायला लागला. आठवड्याभरात पीएस4 बनवणाऱ्या सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला, तो पुन्हा विक्रीला आला 2021 च्या जूनमध्ये. पहिल्या समीक्षकांतल्या बहुतेकांनी खोटं लिहिलं नव्हतं. पण ज्यांनी "मी फक्त पीसीवर खेळलो, बाकी मशीनचं मला माहीत नाही" असं ठळक लिहिलं, त्यांचंच लिखाण वाचणाऱ्याच्या उपयोगी पडलं.

म्हणून तुझं मशीन लिही. लॅपटॉप किती जुना, रॅम किती, ग्राफिक्स कार्ड आहे की नाही. आणि आपल्याकडचं तर आवर्जून लिही. मे महिन्यात पारा 45 च्या घरात असतो, पंख्यातून झळा येतात. अशा दुपारी लॅपटॉप तापला की तो स्वतःचा वेग कमी करतो आणि सकाळी गुळगुळीत चालणारा गेम दगडासारखा जड होतो. परदेशातल्या थंड खोलीत बसलेल्याला हे कळायचं नाही. ते अमळनेर-चोपड्याच्या पोराला तूच सांगू शकतेस.

अपेक्षा कुठून आली, हेही तपासून बघ. काही वेळा ती बनवणाऱ्यानेच दिलेली असते. 'नो मॅन्स स्काय' ऑगस्ट 2016 मध्ये आला. त्याआधीच्या मुलाखतींत बनवणाऱ्यांनी सांगितलं होतं की या अफाट विश्वात दोन खेळाडू एकमेकांना भेटू शकतील. पहिल्याच दिवसांत दोघं जण ठरवून एकाच ग्रहावर एकाच जागी पोहोचले आणि एकमेकांना दिसलेच नाहीत. तिथे खेळाडूंचा संताप अगदी रास्त होता. त्या लोकांनी पुढे वर्षानुवर्षं फुकट सुधारणा दिल्या, 2018 मध्ये खरंखुरं एकत्र खेळणंही आणलं. आज त्याच गेमवर प्रेम करणारे पुष्कळ आहेत. 2016 मधला रिव्ह्यूही खरा आणि आजचाही, म्हणून तारीख घालायला विसरू नकोस.

आणि काही वेळा अपेक्षा आपणच घरून घेऊन जातो. 'द लास्ट ऑफ अस पार्ट 2' 19 जून 2020 ला आला, समीक्षकांनी डोक्यावर घेतला. संपवायला वीसेक तास तरी लागतात, पण समीक्षकांचे आणि खेळाडूंचे गुण गोळा करणाऱ्या मेटाक्रिटिक या साइटवर काही तासांतच हजारोंनी शून्य देऊन ठेवले होते. पुढच्याच महिन्यात मेटाक्रिटिकला नियम करावा लागला की गेम आल्यावर पहिले 36 तास खेळाडूंना गुण देता येणार नाहीत. तरी शून्य देणाऱ्या त्या सगळ्यांना मूर्ख ठरवू नकोस. आवडत्या पात्राशी गोष्ट अशी वागली म्हणून दुखावलेले त्यात होते, आणि ट्रेलरमधल्या एका प्रसंगात चक्क वेगळंच पात्र दाखवलं होतं, तेही खरं. दुखावलेल्या माणसाचं ऐक. फक्त तो किती तास खेळला, ते आधी विचार.

आकड्याबद्दल थोडंच सांगतो. 'फॉलआउट: न्यू व्हेगास' बनवणाऱ्या ऑब्सिडियनला मेटाक्रिटिकवर शंभरपैकी 85 मिळाले असते तर बोनस होता. मिळाले 84. कंपनीच्या एका संस्थापकाने 2012 मध्ये हे सांगितलं, तेव्हापासून मी आकडा लिहिणं बंद केलं. तू लिही हवं तर, पण तुझ्या त्या सातामागे काय आहे ते मला तुझ्या लेखात सापडलं नाही. चित्रांचे किती वजन धरलेस? शेवट तुटल्याचे किती कापलेस? दुसऱ्या मुलाचा प्रश्न उर्मट असला तरी प्रश्न म्हणून चांगला आहे. चार-पाच तासांच्या गेमची किंमत आपल्याकडच्या विद्यार्थ्याला परवडते का, याचं उत्तर तू द्यायलाच हवं होतंस.

भित्तिपत्रकावरची पेन्सिल पुसू नकोस. शेजारी नवा कागद लाव, पहिला परिच्छेद नव्याने लिही. कुठल्या मशीनवर, किती तास, काय मनात धरून खेळलीस ते त्यात येऊ दे.

रविवारी आलीस तर लॅपटॉप घेऊन ये. काकू म्हणते, भरीत करते. शेवटची लढाई तुला संथ वाटली, असं तू लिहिलंयस. मला ती तशी वाटली नव्हती. दोघं बसून ती पुन्हा खेळू, तू माझ्यासमोर खेळ, मग मी तुझ्यासमोर खेळतो.

तुझा,
काका